गर्भिणीची चिंता आणि बालकाचे मनःस्वास्थ्य

पोटुशी बाईला घाबरवू नये, तिला रडवू नये, तिच्या देखत घरात वादावादी करू नये, ही शिकवण आपल्याकडे सर्व जातिधर्मांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. हिंदूंच्या घरी डोहाळजेवण होते, आम्हा मुसलमानांच्या घरी सातव्या महिन्यात सतवासा होतो, आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांकडेही पहिलटकरणीचे लाड कमी होत नाहीत. निदान एक दिवस तरी घरातली सारी माणसे तिला काय हवे, काय नको, हे विचारतात. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीला माहेरी न्यावयाचे ही रीतही याच शहाणपणातून आलेली असावी. सासरी पहाटेपासून कळशा भरणाऱ्या मुलीला चार महिने आईच्या हातचे खाऊन स्वस्थ झोपता यावे, याहून मोठे औषध त्या काळी कोणाजवळ होते?

परंतु याच शिकवणीला एक दुसरी धारही आहे. मूल हट्टी निघाले, भित्रे निघाले, अभ्यासात मागे पडले, की घरातली बोटे आईकडे वळतात. "तू तेव्हा नीट राहिली नाहीस" हे वाक्य शाळेच्या कचेरीत बसून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा दुसरा विषय सुचला नाही. आम्ही डॉक्टर नव्हे. पदवीनंतर शिक्षणशास्त्र शिकताना बालमानसशास्त्राचा जो अभ्यास झाला तो, त्यानंतर चालू ठेवलेले वाचन, आणि वर्गातली मुले, एवढेच आमचे भांडवल आहे.

दोन-तीन वर्षांमागे पाचवीतल्या एका मुलाची आजी, वडील व आई असे तिघे आमच्याकडे आले होते. मुलगा एका जागी बसत नसे, लिहिता लिहिता वही फाडी, रात्री दचकून उठे. आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, हा पोटात होता तेव्हा ही सारखी रडायची. ते रडणेच आता पोराच्या अंगात उतरले आहे." सूनबाई खाली मान घालून बसल्या होत्या. आम्ही विचारले, "रडत का होत्या?" तेव्हा वडील अवघडून म्हणाले, "सर, खाणी बंद पडल्या तो काळ. ट्रकाचे हप्ते थकले होते. घरात रोज कोणी ना कोणी वसुलीला येई." गोव्यात २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली-सांगे भागांतल्या किती घरांत असे दिवस आले ते वाचकांना सांगावयास नको. म्हणजे हप्ते बँकेचे, ट्रक नवऱ्याचा, बंदी सरकारची, आणि दोष मात्र रडणारीचा!

यात प्रश्न दोन आहेत. आईच्या चिंतेचा परिणाम पोटातल्या मुलाच्या पुढील मनःस्वास्थ्यावर होतो काय? आणि होत असेल तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी दिलेले आहे. तेच आधी पाहू.

आपल्याकडे या विषयावर बोलू लागले की अभिमन्यूची गोष्ट निघतेच. चक्रव्यूहात शिरण्याची युक्ती त्याने पोटात ऐकली, परंतु सुभद्रेला डुलकी लागली म्हणून बाहेर पडण्याची वाट त्याला कळली नाही. दिवस भरत आलेली बाई रात्री युद्धशास्त्र ऐकता ऐकता झोपी गेली, यात तिचा काय अपराध? सांगणाऱ्याने उरलेला भाग सकाळी सांगितला असता तर काम भागले असते. हे आम्ही वर्गात म्हटले की मुले हसतात. मुली जरा अधिक हसतात. शास्त्राने सिद्ध झाले आहे ते इतकेच की, शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाला आवाज ऐकू येतात आणि जन्मल्यानंतर मूल आईचा आवाज ओळखते. आईच्या मनातले विचार, तिचे वाचन, तिने ऐकलेली व्याख्याने मुलाच्या डोक्यात उतरत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचते ती तिच्या शरीराची अवस्था.

ती कशी पोहोचते? मनुष्यास भय किंवा काळजी वाटली म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात सुटते. अंगातली साखर मोकळी करून पळावयास किंवा झुंजावयास शरीराला तयार ठेवणे हे त्याचे काम. कॉर्टिसॉल म्हणजे विष नव्हे, हे आधी ध्यानात ठेवावे. गरोदरपणात ते आपोआपच वाढत जाते, शेवटी शेवटी नेहमीच्या दुपटी-तिपटीवर जाते, आणि बाळाची फुप्फुसे पक्व होण्यास त्याची गरजच असते. पण आईच्या रक्तातले सारेच कॉर्टिसॉल बाळाकडे जाऊ नये अशी सोय निसर्गाने केली आहे. वारेमध्ये एक एन्झाइम असते. ते नाक्यावर बसलेल्या जकातदाराप्रमाणे येणारे बरेचसे कॉर्टिसॉल अडवते व त्याचे निरुपद्रवी रूप करून पुढे पाठवते. रोजच्या किरकोळ रागालोभाचा, एखाद्या दिवशीच्या रडण्याचा बाळाला उपद्रव होत नाही तो पुष्कळसा या व्यवस्थेमुळे. लंडनमधील एका अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, ठरवून सिझेरियन व्हावयाच्या आदल्या दिवशी स्त्रियांची चिंता मोजली आणि मागाहून त्यांच्या वारेची तपासणी केली. ज्या अधिक चिंताग्रस्त होत्या त्यांच्या वारेत या एन्झाइमाचे काम मंद आढळले. म्हणजे चिंता वाढली की जकातदारही थकतो.

हा एकच रस्ता आहे असे मात्र समजू नये. दीर्घकाळ ताणात असलेल्या बाईची झोप जाते, अन्नावरची वासना जाते, तपासणीला जाण्याचे राहून जाते, कोणी मशेरी अधिक लावू लागते. यांतली प्रत्येक गोष्ट बाळापर्यंत आपापल्या वाटेने पोहोचते.

आता शास्त्रज्ञांना हे समजले कसे? प्रयोगासाठी गरोदर बायांना कोणी मुद्दाम दुःख देऊ शकत नाही. तेव्हा दुनियेने जी दुःखे आपण होऊन दिली, त्यांच्या मागे जाऊन मुलांचा तपास करावा लागतो. फिनलंडमध्ये हुट्टुनेन आणि निस्कानेन या दोन संशोधकांनी १९७८ साली असे एक काम प्रसिद्ध केले. त्यांनी दोन प्रकारची माणसे शोधली: मूल पोटात असताना ज्यांचा बाप वारला ती १६७, आणि मूल जन्मल्यावर पहिल्या वर्षात ज्यांचा बाप वारला ती १६८. बापाचे छत्र दोघांनाही नव्हते, विधवा आई दोघांच्याही घरी होती. अंतर होते ते काही महिन्यांचे. तरीसुद्धा मोठेपणी छिन्नमनस्कतेचा विकार पहिल्या गटात अधिक आढळला. ही तुलना आम्हाला फार हुशारीची वाटते. एवढ्या साध्या कल्पनेने एवढा मोठा प्रश्न विचारता येतो, हे विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगे आहे.

दुसरा दाखला हॉलंडचा. १९४४ च्या सप्टेंबरात तेथील रेल्वे कामगारांनी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मन सैन्याने पश्चिम भागाकडे जाणारे धान्य रोखले. त्या हिवाळ्यात माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. १९४५ च्या मे महिन्यात सुटका होईपर्यंत सुमारे वीस हजार माणसे मेली. त्या भुकेच्या ऐन कडाक्यात ज्यांचा गर्भ राहिला त्या मुलांत मोठेपणी छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. पण त्याच हॉलंडमध्ये, १९ वर्षांचे झाल्यावर सैन्यभरतीसाठी आलेल्या तरुणांची बुद्धिमापनाची चाचणी तपासली तेव्हा, पोटात असताना उपासमार सोसलेले तरुण इतरांच्या मागे नव्हते. भूक आणि भीती यांची गाठ या दाखल्यात सोडविता येत नाही. तेव्हा ज्यात भूक नाही असा दाखला पाहिजे होता, आणि तो कॅनडात मिळाला.

१९९८ च्या जानेवारीत क्वेबेक प्रांतावर पाच-सहा दिवस असा पाऊस पडला की पडताक्षणी त्याचे बर्फ होई. विजेच्या तारा, खांब, लोखंडी मनोरे बर्फाच्या ओझ्याखाली मोडून पडले. तीस लाखांहून अधिक लोक काळोखात व कडाक्याच्या थंडीत सापडले. कोणाची वीज काही तासांनी आली, कोणाची पाच आठवड्यांहूनही अधिक काळ आली नाही. माँट्रिऑलच्या मानसशास्त्रज्ञ सुझॅन किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांची नोंद केली आणि त्यांच्या मुलांचा माग वर्षानुवर्षे ठेवला. या कामातली खुबी अशी की, त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. किती दिवस वीज नव्हती, घर सोडावे लागले काय, किती पैसा बुडाला, ही झाली प्रत्यक्ष झळ. त्या बाईला स्वतःला किती त्रास झाल्यासारखे वाटले, हे झाले मनाचे माप. वीज कोणाच्या गल्लीत आधी यावी हे आईच्या स्वभावावर अवलंबून नव्हते. तेव्हा "मुळात बाईच चिंतेखोर" असा आक्षेप येथे चालत नाही.

पुढे काय दिसले? ज्या आयांना प्रत्यक्ष झळ अधिक पोहोचली, त्यांची मुले दोन वर्षांची असताना, आणि साडेपाच वर्षांची झाल्यावरही, भाषेत व बुद्धिचाचणीत इतरांपेक्षा काहीशी मागे होती. हे गुण सर्वसाधारण मर्यादेच्या आतच होते. ती मुले मंदबुद्धीची झाली असे मुळीच नव्हे. पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या बाबतीत आईला वाटलेल्या त्रासापेक्षा तिच्यावर प्रत्यक्ष गुदरलेल्या दिवसांचे वजन अधिक ठरले. आपण गरोदर बाईला सहज सांगतो, "बाई, तू मनाला लावून घेऊ नकोस." क्वेबेकच्या मुलांकडे पाहिल्यावर आम्हाला असे वाटते की, नुसते मनाला न लावून घेण्याने भागत नाही, वीज आली पाहिजे.

येथवर मोठी संकटे झाली. आपल्या ओळखीच्या घरगुती काळजीचे काय? त्याचा एक मोठा अभ्यास इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराच्या परिसरात झाला. एप्रिल १९९१ ते डिसेंबर १९९२ या काळात ज्यांचे दिवस भरणार होते अशा चौदा हजारांच्या आसपास गर्भारपणांची नोंद करून त्या मुलांचा तपास आजतागायत चालू आहे. विवेट ग्लोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून असे दाखविले की, शेवटच्या महिन्यांत ज्यांची चिंता सर्वाधिक होती अशा शंभरातल्या पंधरा स्त्रियांच्या मुलांत मानसिक विकाराची शक्यता जवळजवळ दुप्पट होते. गरिबी, आईचे वय, तंबाखू, बाळंतपणानंतरचे आईचे औदासीन्य, या सर्वांचा हिशेब करूनही हा फरक उरला, आणि मुले तेरा वर्षांची होईपर्यंत तो टिकला.

"दुप्पट" हा शब्द ऐकला की माणूस घाबरतो. म्हणून येथे थोडे गणित करू. इतर आयांची शंभर मुले घेतली तर तेराव्या वर्षी त्यांतील सुमारे ७ मुलांत असा विकार संभवतो. अतिशय चिंताग्रस्त आयांची शंभर मुले घेतली तर सुमारे १२ मुलांत. म्हणजे ज्या आयांनी गरोदरपणाचे शेवटचे महिने काळजीत काढले, त्यांच्याही शंभरातली ८८ मुले ठीकच निघाली. आणि ज्या १२ जणांना त्रास झाला त्यांतील ७ जणांना तो एरवीही झाला असता. एखाद्या मुलाकडे बोट दाखवून "याचे कारण पोटातलेच" असे कोणालाही, अगदी मोठ्या डॉक्टरालाही, सांगता येत नाही. शंभर मुलांविषयी जे खरे असते ते एका मुलाविषयी सांगता येत नाही, हा धडा आम्ही नववीच्या वर्गात शिकवितो. तो घराघरांत शिकविण्याची गरज आहे.

शिवाय आनुवंशिकतेचा प्रश्न राहतोच. चिंताशील आई मुलाला नऊ महिने पोटात वागविते, आणि आपल्या रक्ताचा वारसाही देते. दोहोंपैकी परिणाम कशाचा? वेल्समधील कार्डिफच्या संशोधकांनी याचा उलगडा मोठ्या चतुराईने केला. ते काम २०१० साली प्रसिद्ध झाले. कृत्रिम गर्भधारणेने जन्मलेल्या मुलांत काही अशी असतात की, बीज दुसऱ्या स्त्रीचे आणि उदर आईचे. अशा मुलांत आईचा वारसा नसतो, फक्त तिचे गर्भाशय असते. त्यांची तुलना आईच्याच बीजापासून झालेल्या मुलांशी केली. जन्मवेळचे कमी वजन आणि बालपणीचा दांडगेपणा यांचा गरोदरपणातील ताणाशी संबंध दोन्ही प्रकारांत दिसला. म्हणजे तो वारशाचा नव्हे, गर्भाशयातील परिस्थितीचा. मुलांच्या चिंतातुरपणाचे कारण मात्र आईची सध्याची मनःस्थिती, असे निघाले. आणि अतिचंचलपणा, एका जागी न बसणे, लक्ष न लागणे, याचा संबंध फक्त रक्ताच्या आयांत दिसला. म्हणजे तेथे वारसा बोलत होता, गरोदरपणातील रडणे नव्हे. हा वारसा बापाकडूनही येतो, हे वेगळे सांगावयास नको. वर सांगितलेल्या आजीबाईंना आम्ही एवढेच म्हणालो की, तुमचा मुलगा लहानपणी कसा होता ते एकदा आठवून पाहा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या.

पोटातले नऊ महिने म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, याचाही पुरावा आहे. लंडनच्याच एका अभ्यासात गर्भजलातील कॉर्टिसॉल मोजून ठेवले आणि मुले सतरा महिन्यांची झाल्यावर त्यांची चाचणी घेतली. ज्या मुलांचे आईशी नाते निर्धास्तपणाचे नव्हते, त्यांच्यात जास्त कॉर्टिसॉल म्हणजे कमी गुण असा संबंध दिसला. आईपाशी निर्धास्त असलेल्या मुलांत तो दिसलाच नाही. २०१२ साली इंग्लंडमधील विरल भागातील अभ्यासाने याहून साधी गोष्ट दाखविली: जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ज्या आया बाळाच्या अंगावरून वारंवार हात फिरवीत, त्यांच्या बाळांवर गरोदरपणातल्या औदासीन्याची छाया कमी पडली. आपल्याकडे बाळाला पायांवर घेऊन तेल लावणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या मालिशीवर हा अभ्यास झालेला नाही, तेव्हा उगाच पाठ थोपटून घेऊ नये. परंतु हात फिरविणे आपल्याला नवीन नाही एवढे खरे. आम्ही त्यात एक भर घालू. तेल लावावयास सुईण येते, न्हाऊ आजी घालते, आणि आई खाटेवर पडून पाहते, असे कित्येक घरांत होते. दिवसातून दोन वेळा बाळ आईच्या हातात, आणि बापाच्याही, द्यावे.

हे सारे परदेशातले झाले. पण याच विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या गोव्यातच झाला आहे आणि जगभर त्याचा आधार घेतला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतील २७० स्त्रियांची नोंद केली. हे काम २००२ साली प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या २३ जणींना औदासीन्याचा विकार होता. त्या आजारी स्त्रियांपैकी शंभरातल्या ७८ जणी गरोदर असतानाच मनाने आजारी होत्या. म्हणजे दुखणे बाळंतपणाने आणलेले नव्हते. ते आधीच घरात बसलेले होते, कोणी पाहिले नव्हते इतकेच.

आणि कारणे कोणती? दारिद्र्य. नवऱ्याशी बेबनाव. नवऱ्याची मारहाण. आणि घरात एक मुलगी असताना पुन्हा मुलगी होणे. ही यादी पुन्हा एकदा वाचावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे. यांत एक तरी कारण असे आहे काय, की जे त्या बाईने एकटीने, मन घट्ट करून, दूर करावे? मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे आठवीच्या पुस्तकात नसले तरी दहावीच्या मुलाला ठाऊक असते. आजकाल शहरांतून गर्भसंस्काराचे वर्ग निघाले आहेत. भरमसाट शुल्क घेऊन गरोदर मुलींना सदैव प्रसन्न राहावयास शिकवितात. संगीत ऐकण्यात वाईट काही नाही. पण त्या वर्गाला सासूबाईंना आणि जावईबापूंना बोलावीत नाहीत, ही आमची तक्रार आहे. प्रसन्न न राहिल्याची आणखी एक धास्ती तेवढी त्या मुलीच्या माथी बसते. ग्रहणात सुरी धरली तर बाळाचा ओठ फाटतो, ही भीतीही त्याच जातीची. ओठ फाटण्याचा ग्रहणाशी काडीचा संबंध नाही. दिवसभर अंधाऱ्या खोलीत उपाशी बसविलेल्या बाईच्या त्रासाचा मात्र बाळाशी आहे.

उपाय आहेत, आणि ते फार खर्चाचे नाहीत. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. आतिफ रहमान यांनी तेथील आरोग्यसेविकांनाच थोडे शिक्षण दिले. त्या औदासीन्याने ग्रासलेल्या गरोदर बायांच्या घरी शेवटच्या महिन्यापासून जात, त्यांचे ऐकून घेत, रोजच्या अडचणींतून लहान लहान वाटा काढीत, आणि घरातल्या इतर माणसांनाही बोलण्यात ओढीत. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशा भेटी मिळालेल्या शंभरातल्या २३ बाया अजून आजारी होत्या. साध्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३. हे २००८ सालचे. पुढे हीच पद्धत गोव्यात आणली तेव्हा सेविकाही घेतल्या नाहीत. गावातल्याच लेकुरवाळ्या स्त्रियांना शिकवून पाठविले. त्यांना 'सखी' म्हणत. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी सखी लाभलेल्या शंभरातल्या ७३ जणी बऱ्या झाल्या होत्या, इतरांतल्या ६०. फरक डोळे दिपविणारा नव्हे, पण खर्चही तसा नव्हता.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रावळपिंडीची मुले सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा भेटी मिळालेल्या व न मिळालेल्या आयांच्या मुलांत बुद्धी वा वर्तन यांचा फरक आढळला नाही. कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? आमचे उत्तर असे की, एक दुःखी बाई वर्षभर आधी सावरली, हे स्वतःच मोल आहे. तिची विचारपूस केवळ तिच्या पोटातल्या ठेवीसाठी करावयाची, ही वृत्ती आम्हाला मान्य नाही.

ओळखावे कसे, असे भगिनी विचारतील. दोन साधे प्रश्न पुरेसे आहेत, आणि ते अनेक देशांत गरोदर स्त्रियांना विचारले जातात. गेल्या महिन्याभरात वारंवार उदास किंवा निराश वाटले काय? नेहमी आवडणाऱ्या गोष्टींतले मन उडाले काय? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' आले तर बाईला जवळच्या आरोग्यकेंद्रात न्यावे. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी २०१६ पासून होते. त्या दिवशी रक्त-लघवीबरोबर हेही डॉक्टरांच्या कानी घालावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे व तेथे मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली तर ९ तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि मनाच्या आजारावर किंवा फेफऱ्यावर आधीपासून औषध चालू असेल, तर दिवस राहिले म्हणून ते आपल्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टर योग्य तो फेरफार करून देतात.

संस्थेच्या या जुबिली वर्षात आपल्या सभासद कुटुंबांतील पाच-सहा अनुभवी भगिनींनी सखींचे हे काम शिकून घ्यावे, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे ठेवली आहे. त्यांना मानधन नसले तरी जाण्यायेण्याचे बसभाडे संस्थेने द्यावे. पहिल्या भेटीत बाईशी एकटीशीच बोलावे. नवऱ्याच्या हाताचा त्रास असेल तर तो चारचौघांत सांगता येत नाही, आणि जे ऐकले ते तिच्या संमतीवाचून कोणाला सांगू नये. तिला त्यापासून धोका नाही अशी खात्री झाली, आणि तिची हरकत नसेल, तर दुसऱ्या भेटीसाठी मात्र घरातले पुरुष आणि सासूबाई घरी असतील अशी संध्याकाळची वेळ निवडावी, आणि चहा नवऱ्याला करावयास सांगावा.